वांगी रंगावर हिरवा

माझ्या बायकोनं पहिल्यांदा नखं रंगवली तेव्हा तिची नात शाळेत जायला लागून बरीच वर्षं झाली होती. त्याआधी कधी नाही. लग्नात मेंदी होती, तीसुद्धा चार दिवसांत भांडी घासून उतरली. आमच्याकडे रत्नागिरीला बाईचे हात म्हणजे मासळी निवडायची, भाकरीचं पीठ मळायचं, चूल सारवायची. पिठात नखाचा रंग गेला तर ती भाकरी कोण खाणार? म्हणून कुणी लावत नसे आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नसे.

इथे सिंगापूरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो आणि तिचे हात मोकळे झाले. मुलगा जुरोंग आयलंडला कामाला जातो, कंपनीची बस त्याला घेऊन जाते. सून पाया लेबारला ऑफिसात. भांडी मशीन धुतं, मासे बाजारातला माणूसच साफ करून पिशवीत घालतो. सुरुवातीला ती नुसती हात मांडीवर ठेवून बसायची. मी म्हणायचो, "हात भाड्यानं आणल्यासारखी काय बसलीस?" ती म्हणायची, "मग काय करू? तुमची दाढी करू?"

एकदा शाळेला सुट्टी असताना नातीनं तिच्या एका नखाला चमकी लावून दिली. चमकी म्हणजे बाटलीतल्या पातळ रंगात बारीक कण असतात, नखावर सुकले की चकाकतात. बायको खिडकीपाशी गेली आणि बोट उजेडात फिरवत राहिली. मी म्हटलं, "खवलं चिकटल्यासारखं दिसतंय."

"जन्मभर खवली काढली," ती म्हणाली. "आता लावून घेते."

तिथून ती जी सुरू झाली ती थांबलीच नाही. सुनेबरोबर मॉलमध्ये गेली की नखांच्या रंगाच्या दुकानात शिरायची. तिथे नमुन्याच्या बाटल्या उघड्या ठेवलेल्या असतात. दर नखाला वेगळी चमकी लावून घरी यायची आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही हात पसरून आम्हाला विचारायची, यातली कुठली. मुलगा म्हणायचा, सगळ्या सारख्याच आहेत. मग त्याला वाढायला उशीर व्हायचा.

चमकी एकटी लावली तर खालचं नख दिसतं, हे तिला लवकर कळलं. खाली गडद रंग द्यायचा, तो पुरता सुकू द्यायचा, मग चमकी. मोठे कण असले तर ब्रश ओढायचा नाही, टिपत टिपत बसवायचे. वरून पारदर्शक थर द्यायचा, म्हणजे खरखर जाते आणि काचेसारखं होतं. काळ्यावर चंदेरी करून बघितलं, निळ्यावर सोनेरी करून बघितलं. लालावर गुलाबी लावली ती पार वाया गेली, नख सुजल्यासारखं दिसायला लागलं. घाई केली की नात ओरडायची, "आजी, लाईक दॅट कॅनॉट ला. फर्स्ट मस्ट ड्राय."

हे मला ऐकूनच समजायचं. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि पुढे उभा जन्म जहाजावर काढला, त्यातला निम्मा रंगाचा डबा हातात घेऊन. गंज खरवडायचा, पत्रा थिनरनं पुसायचा, प्रायमर द्यायचा, मग रंग. पातळ थर आणि मध्ये थांबणं, त्या कामात दुसरं काही नाही. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "माझी नखं म्हणजे तुमची बोट नाही." पण त्यानंतर थर पातळ द्यायला लागली.

थर सुकेपर्यंत ती पंख्यासमोर दहा बोटं फाकून बसायची. तेवढा वेळ मी तिचा नोकर. अहो, कुकर बंद करा. अहो, चष्मा वर सरकवा. अहो, नाकाला खाज आली, तिथे नाही, डावीकडे. चहासुद्धा मी कप धरून पाजायचो. एकदा सून अवेळी घरी आली आणि आम्हाला तसं बघून परत दार लावून घ्यायला लागली. बायको म्हणाली, "ये गं, काही नाही. ओले हात आहेत."

तिला करायचं होतं ते मात्र वेगळंच. तिच्याकडे आईची एक धूपछाव साडी होती. इकडून बघितली तर वांगी, तिकडून बघितली तर हिरवी. तिला नखं तशी हवी होती. कित्येक दुपारी त्यात गेल्या. हिरव्यावर वांगी चमकी दिली तर चिखल झाला. वांगीवर नुसती हिरवी दिली तर डाग पडल्यासारखी दिसली. शेवटी एका दुपारी जमलं. खाली वांगी, त्यावर तोच वांगी रंग पातळ करून त्यात थोडी तांब्याची चमकी, त्यावर अगदी बारीक कणांची हिरवी, आणि वरून पारदर्शक. हात वळवला की रंग बदलायचा. ती त्या दिवशी जेवली नीट नाही. हातच बघत होती.

ती नखं तशीच असताना तिला दम लागायला लागला. इस्पितळात नेलं. श्वास पुरतो का ते बघायला बोटाला चिमटा लावतात, त्याला नखावरचा रंग चालत नाही. नर्स चांगली पोरगी होती. म्हणाली, "आंटी, सो प्रिटी. सॉरी आ, वन फिंगर ओन्ली." चमकी लवकर निघत नाही. तिनं कापूस ओला करून बराच वेळ दाबून धरला, मग खरवडला. अंगठ्याजवळच्या बोटाचं नख उघडं पडलं. पिवळट, म्हातारं.

बायकोनं त्या आजाराबद्दल एक शब्द विचारला नाही. डॉक्टर बोलायचे, मुलगा ऐकायचा, ही बोटाकडे बघायची. मला म्हणाली, "दात पडल्यासारखं दिसतंय."

"घरी गेल्यावर लाव."

"माझा हात कापतो आता. तुम्ही लावा. एवढी जहाजं रंगवलीत."

मी म्हटलं लावीन. ती घरी आली नाही.

सकाळी तिला मयताच्या हॉलमध्ये आणलं. इथे सगळं वेळेनं चालतं, दहनाचीसुद्धा वेळ लिहून देतात, आणि ती चुकवून चालत नाही. आपल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या. नवऱ्याच्या आधी गेली म्हणजे अहेव गेली, म्हणून तिला नवरीसारखी सजवतात. हळद, कुंकू, हिरवा चुडा, ओटी. साडी तीच धूपछाव होती, सुनेनं आठवणीनं काढून आणली होती. त्यांतली एक वयस्क बाई मला म्हणाली, "भाग्यवान हो, अहेव गेली." ती भाग्यवान, मग मी कोण ते कुणी सांगत नाही.

मग तिनंच बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हे चमचम बरं नाही दिसत. पुसून टाकू या."

"हात लावू नका," मी म्हटलं.

"अहो, पण एक बोट तसंही उघडंच आहे."

"ते मी करणार आहे."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सून पुढे झाली आणि म्हणाली, "मावशी, बाबांना करू द्या." नात टॅक्सी करून घरी गेली आणि बाटल्यांची पिशवी घेऊन आली.

मी खुर्ची ओढून बसलो. नख थिनरनं पुसलं. नखांच्या दुकानात त्याला दुसरं काही म्हणतात, वास तोच. पहिला थर दिला आणि तिथेच चुकलो. हाताला जहाजाच्या ब्रशची सवय, रंग जास्त घेतला गेला. तो धरेचना. नखावरून सरकून कातडीवर आला. परत पुसला. परत दिला, परत सरकला. तेव्हा मला कळलं काय होतंय ते. इस्पितळाच्या शीतपेटीतून आली होती ती, अजून थंड होती. नखावर बारीक दव येत होतं. थंड पत्र्याला घाम सुटतो, त्यावर रंग बसत नाही, हे मी पोरगा होतो तेव्हा पहिल्याच जहाजावर मला खलाशांवरच्या सारंगानं शिव्या देऊन शिकवलं होतं. पत्रा उन्हात येईपर्यंत थांबायचं.

मी तिचं बोट माझ्या मुठीत घेतलं आणि धरून बसलो.

गरम व्हायला वेळ लागला. होतही नव्हतं धड, पण थोडं झालं. दव गेलं. मग वांगी थर पातळ दिला, तो बसला. नात शेजारी उभी होती. "नाऊ कॉपर, आजोबा," ती म्हणाली. मी ब्रश उचलला तर ती म्हणाली, "वेट ला. नॉट ड्राय." आम्ही थांबलो. मुलगा घड्याळ बघत आला. "बाबा, गाडी आलीय."

"उभी राहू दे."

"ते थांबत नाहीत, बाबा. आपल्यामागं दुसऱ्यांची वेळ आहे."

मी तांब्याची दिली. परत बोट मुठीत धरता येईना, रंग ओला. म्हणून बोटाच्या खालून हात धरला आणि वरून फुंकर घालत राहिलो. माझं डोकं तिच्या हातावर वाकलेलं बघून मागं कुणीतरी म्हणालं, रडू द्या त्यांना. मी रडत नव्हतो. मला हिरवी द्यायची होती.

हिरवी दिली. टिपत टिपत, ती करायची तशी. गाडीबरोबरचा चिनी म्हातारा आत येऊन दाराशी उभा राहिला. त्यानं घाई केली नाही, नुसता बघत होता. मग पुढे आला, आणि पेटीचं झाकण लावायच्या आधी तिचा तो हात त्यानं वर, दुसऱ्या हातावर ठेवला, बोट साडीला टेकणार नाही असा. मी पारदर्शक बाटली उघडली होती. मुलानं माझ्या खांद्याला धरलं. "बाबा, बस आता," तो म्हणाला, आणि तो रडायला लागला म्हणून मी उठलो.

गाडीत नात माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "जमलं का?"

"सेम, आजोबा," ती म्हणाली. "नोबडी कॅन टेल."

हिरवी अजून ओली होती. वरचा थर राहिला. बाटली माझ्या हातातच होती, तिचं झाकण मी विसरलो होतो, आणि सगळ्या वाटेभर गाडीत त्याचा वास येत होता.