सुभेदारांच्या घरामागचा कोरडा नळ

आठ दिवस पाऊस लागून राहिला होता आणि नळाचं तोंड कोरडं होतं.

आम्ही तिघं त्या तोंडापुढे छत्र्या घेऊन उभे होतो. इंजिनियर दातार साहेब, घराचे मालक सुभेदार निकम आणि मी. परसाच्या खालच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर तो नळ उघडत होता. सुभेदारांनी वाकून आत पाहिलं.

"साहेब, ह्यातनं पाणी यायचं हुतं न्हवं? हितं तर कोळ्यानं बिऱ्हाड केलंय."

खरंच आत जाळं होतं, अगदी शाबूत.

मी तेव्हा सांगलीला विश्रामबागेत, दातार साहेबांच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेब प्लॅन पेन्सिलीनं काढत. तो पारदर्शक कापडावर शाईनं उतरवून घ्यायचा, हे ट्रेसरचं काम. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. प्लॅनवरच्या सूचना मी छापल्यासारख्या इंग्रजी अक्षरांत लिहीत असे, आणि त्या अक्षराचा मला मनातून अभिमान होता. साइटवर गेले तर लेव्हल बुकात आकडे टिपून घ्यायचे, एवढंच. बोलायची वेळ येत नसे. ते मला बरंच होतं.

सुभेदार मूळचे वडूजचे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि साताऱ्यात डोंगराच्या उतरणीला घर बांधलं. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खोल्यांच्या फरशीतून पाणी वर आलं. "वडूजला घागरभर पाण्यासाठी दोन मैल चाललो," ते म्हणत, "आन् हितं पाणी आपल्या पायानं घरात येतंय." मागच्या भिंतीला खालून तडा गेला, तेव्हा मात्र त्यांचं हसणं थांबलं.

कारण साधं होतं. डोंगरात मुरलेलं पाणी मुरमातून पाझरत खाली येत होतं. वाटेत घराचा पाया आडवा आला की तिथंच तुंबत होतं. त्यावर साहेबांनी उन्हाळ्यात उपाय केला. घराच्या डोंगराकडच्या बाजूला, पायाच्या तळापेक्षा थोडा खोल चर खणायचा. तळाला उतार देऊन खापरी नळ, म्हणजे कुंभारानं भाजलेले मातीचे पाइप, एकापुढे एक मांडायचे. वर खडी, खडीवर वाळू. पाझर पायाला लागण्याआधी चरात पडेल, नळात शिरेल आणि ओढ्याला जाईल. चराची आखणी आणि लेव्हल घ्यायला आम्ही आलो होतो. पुढे साहेबांना दुसऱ्या कामामुळे येता आलं नाही. नळ मांडले, चर बुजवला, ते सगळं दौलू मिस्त्रीनं केलं. साताऱ्यात त्याच्यासारखा गवंडी नाही, असं साहेबच म्हणत.

आणि आता चर करूनही भिंत आधीपेक्षा जास्त ओली होती. तडा बोटभर रुंद झाला होता.

"उतार चुकला असणार," साहेब म्हणाले. "लेव्हल बुक बघू."

मी बुक पुढे केलं. आकडे मी लिहिले होते. साहेबांनी पडवीत बसून ते दोनदा तपासले. मग पावसाची उघडीप बघून डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची तिपाईवरची दुर्बीण, लावली आणि नळाची दोन्ही टोकं पुन्हा मोजली. उतार बरोबर होता.

साहेबांनी चष्मा काढला. "सुभेदार, मग एकच मार्ग आहे. मागची भिंत उतरवावी लागेल. पाया वर उचलून नव्यानं बांधू."

"भिंत पाडायची?" सुभेदार म्हणाले. "आवं, सिमेंटच्या परमिटसाठी मी कचेरीच्या किती फेऱ्या मारल्या, तुमाला ठावं हाय. आन् छप्पर कशावर ठेवू? माझ्या मुंडाशावर?"

दौलू मिस्त्री खांबाला टेकून बसला होता. त्याला हे लागलं. "सुभेदार, भिंत पाडा, न्हाईतर मला पाडा. पर त्या नळाला नाव ठेवू नका. अस्सल चुना मळून एकेक सांध्याच्या दरजा भरल्यात. वर्षभर पाण्यात ठेवा, थेंब आत जायचा न्हाई."

दरजा भरणं म्हणजे दोन दगडांमधली किंवा दोन नळांमधली फट चुन्यानं घट्ट बुजवणं. गवंड्याची परीक्षा दरजांवर होते. साहेब तडा बघण्यात गुंतले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी मात्र ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

थेंब आत जायचा न्हाई.

मी प्लॅनची गुंडाळी उघडली. कोपऱ्यात माझ्या सुबक अक्षरात सूचना होती: नळाचे सांधे उघडे ठेवावेत. ती इंग्रजीत होती. मी स्वतः लिहिली होती आणि लिहिताना तिच्याकडे फक्त अक्षर म्हणून पाहिलं होतं. मी साहेबांपुढे प्लॅन धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय?" साहेब म्हणाले.

"मिस्त्रींनी सांधे बुजवले आहेत," मी म्हणाले. आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाले.

साहेबांनी ओळ वाचली, मग दौलूकडे पाहिलं. "दौलू, सांधे उघडे ठेवायचे होते."

"उघडे?" दौलू उठूनच उभा राहिला. "साहेब, उघड्या सांध्याचं काम माझ्या बानं पन कधी केलं न्हाई. लोक थुंकतील माझ्या तोंडावर!"

आता सगळं जुळत होतं. खडीत पाणी उतरत होतं, पण नळात शिरायला वाटच नव्हती. आम्ही पायाशेजारी एक लांबलचक हौद बांधून ठेवला होता.

साहेब त्याला समजावू लागले, पण त्यांचे शब्द इंग्रजीच्या वळणाचे. दौलू मान हलवत राहिला. चुकीचं काम पुन्हा करायला तो तयार होता. वाईट काम करायला नाही. तेव्हा मला बोलावं लागलं.

"मिस्त्री, तांदूळ धुवायची रोवळी असते ना घरात?"

"हाय की."

"तिच्या फटी बुजवल्या तर?"

"तर बायको मला धुवंल."

सुभेदार मोठ्यानं हसले. मी पुढे रेटलं, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "हा नळ पाणी वाहून नेतो, पण आधी त्यानं पाणी आत घ्यायला हवं. दोन नळांत बोटाच्या पेराएवढी फट सोडायची. वरून कौलाचा तुकडा उपडा ठेवायचा, म्हणजे वाळू पडणार नाही. पाणी खालून आणि बाजूनं शिरेल."

दौलूनं बोटाचं पेर अंगठ्यानं मोजून पाहिलं. "कौल ठेवायचं व्हय," तो म्हणाला. "मग उघडं न्हाई म्हनता येनार. झाकलेलंच झालं की."

दोन दिवस चर पुन्हा उकरला. दौलू स्वतःच चिखलात उतरला. आपल्याच दरजा छिन्नीनं फोडताना तो दरवेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. ते मला ऐकू येऊ नये, याची त्यानं काळजी घेतली. ओढ्याकडून सुरुवात करून तो घराच्या दिशेनं सरकत होता. सहावा सांधा फुटला आणि खालून सुभेदारांची आरोळी आली.

"आलं! आलं रं गड्या!"

मी छत्री टाकून पळाले. नळाच्या तोंडातून आधी गढूळ, मग मनगटाएवढ्या जाडीची धार ओढ्यात पडत होती. कोळ्याचं बिऱ्हाड पार वाहून गेलं होतं. सुभेदार त्या धारेपुढे ताठ उभे राहिले आणि त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. नळाला की आम्हाला, ते कळलं नाही. दौलू वर चिखलानं माखलेला उभा होता. "माझ्या हातचा हाय," तो साहेबांना म्हणाला.

दसऱ्यापर्यंत मागच्या खोल्या कोरड्या झाल्या. तडा बुजवला, तो पुन्हा उघडला नाही. भिंत अजून उभी आहे.

ऑफिसात परत आल्यावर साहेब म्हणाले, "यापुढे सूचना मराठीत लिहायच्या." माझं मराठी अक्षर तिसरीतल्या मुलीसारखं होतं. महिनाभर मी ते गिरवलं. पुढच्या कामाला दौलूच्या हातात प्लॅन दिला आणि मोठ्या अभिमानानं मराठी ओळ दाखवली.

त्यानं प्लॅन उलटासुलटा करून पाहिला. "आवं बाई, वाचाया येत असतं तर गवंडी कशाला झालो असतो?"

तेव्हापासून मी सांधा प्लॅनच्या कडेला पूर्ण आकाराचा काढते. फट बोटाच्या पेराएवढी, वर कौल. ते पेर दौलूचं आहे. मी त्याच्याकडून मोजून घेतलं.