बॅटरी नसलेला ब्रेक

या ग्रुपवर मी इतके दिवस फक्त वाचत होते आणि मनातल्या मनात हसत होते. पिंपळाखालची बाई, आरशातला माणूस... माझी भाची असले किस्से फॉरवर्ड करते तेव्हा मी तिला "अभ्यास कर" एवढंच उत्तर पाठवते. बँकेत जन्म गेला माझा. जे जुळत नाही ते पुन्हा तपासायचं, एवढंच मला येतं. हे मात्र तपासून तपासून थकले, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

आम्ही घोडपदेवचे. चाळीच्या मागे एका बंद गोदामाचं आवार आहे, तिथे आमचा ट्रेलर उभा असतो. सामानाचा नव्हे हं — जीपच्या मागे जोडून न्यायची एक छोटी खोलीच ती. आत पलंग, शेगडी, टॉयलेट. माझ्या नवऱ्याचं, प्रकाशचं, हे खूळ. रिटायर झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, याने हे आणलं. माझ्या सासूबाईंना कुडाळजवळच्या आमच्या घरी एकदा जायचं होतं. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना फार वेळ बसवत नाही, त्यामुळे रेल्वे, बस सगळंच बाद. "आई, तुला मीच पोचवणार," हा प्रकाशचा शब्द होता. आणि मग तोच गेला, हार्ट अटॅकने. दोन वर्षं ट्रेलर नुसता उभा.

प्रकाशबद्दल एक सांगायला हवं. हा माणूस घरातून कधी सरळ निघालाच नाही. चपला घातल्या की "थांबा जरा." मग गॅस बघ, नळ बघ, गिझर बघ, कुलूप ओढून बघ... मी दारात उभी राहून वैतागायची. ट्रेलरच्या बाबतीत तर नियमच नियम. पहिला — गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. थांबल्यावर झोपा, खा, काय वाट्टेल ते करा. दुसरा — निघण्यापूर्वी त्याचा इमर्जन्सी ब्रेक तपासायचा. ते सोपं आहे. ट्रेलर चुकून जीपपासून सुटला, तर मधली एक तार ताणली जाते, तिच्या टोकाची पिन निघते आणि ट्रेलरमधल्या बॅटरीवर ब्रेक आपोआप लागतात. तपासताना पिन हाताने काढायची आणि जीप हळूच पुढे घ्यायची. ट्रेलर अडला तर पास.

यंदा आईंनी धोशाच लावला. "माका एकदा आपल्या खळ्यात बसाचा आसा गो. मगे काय ता होवंदे." खळं म्हणजे आमच्या घरापुढचं अंगण. नाही कसं म्हणणार?

माझे दीर, सुहासभाऊजी, जीप चालवणार असं ठरलं. रविवारी सकाळी चाळीतल्या माणसांनी ट्रेलर ढकलत फाटकापर्यंत आणला. अगदी सहज आला, हे लक्षात ठेवा. जीपला जोडला, हार घातला, चाकांपुढे लिंबं ठेवली. आणि भाऊजींनी आईंना उचलून थेट ट्रेलरमधल्या पलंगावर नेऊन झोपवलं.

"भाऊजी, चालत्या ट्रेलरमध्ये माणूस नको," मी म्हटलं.

"मग कुठे बसवू वहिनी? बसवतं का तिला? हळू नेतो ना. दादाचे नियम दादाबरोबर गेले."

मलाही दुसरं काही सुचेना. ट्रेलरचं दार लावून घेतलं.

भाऊजींनी पिन काढली, जीप पुढे घेतली. ट्रेलर ढिम्म. चाकं लिंबांना टेकून उभी. "पास!" त्यांनी अंगठा दाखवला. पिन परत बसवली, जीप पुढे घेतली... ट्रेलर ढिम्मच.

आधी वाटलं, हाराचा दोरा पिनेत अडकला असेल. नव्हता. जीपकडून येणारी वायर काढून पाहिली, ट्रेलरचा हॅन्डब्रेक पाहिला. सगळं ठीक. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून सलीमभाईंना बोलावलं. बॅटरीच सोडवली की करंट बंद, ब्रेक बंद, म्हणून त्यांनी बॅटरीचा डबा उघडला. डबा रिकामा.

"भाभी, बॅटरी किधर है?"

भाऊजींचा चेहरा पडला. गेल्या गणपतीत चाळीच्या मंडळाला त्यांनीच ती काढून दिली होती. लाइट गेली तर आरतीचा माइक बंद पडायला नको म्हणून. आमच्याकडे मंडळाने मागितलं की कुणी नाही म्हणत नाही, आणि दिलेलं परत मागायला कुणी जात नाही.

"मग आत्ता पास कसा झाला?" मी विचारलं.

"गंज से जाम हुआ होगा," सलीमभाई म्हणाले. जॅक लावायचा म्हणून आईंना उतरवून खुर्चीत बसवलं. चाकं उचलून हाताने फिरवली तर गरगर फिरली. जॅक काढला, जीप पुढे घेतली, आणि ट्रेलर लिंबं चिरडत निमूट मागे आला. आम्ही हुश्श केलं. आईंना परत आत झोपवलं. जीप पुढे... ढिम्म. नुसता टायर घासल्याचा आवाज.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली, राग आला. "पुन्हा उतरवा आईंना," मी म्हटलं. उतरवलं, चालला. झोपवलं, अडला. आईंचं वजन ते केवढंसं! तरी त्यांना उतरवून, गोदामातल्या वाळूच्या गोण्या पलंगावर टाकून पाहिल्या. चालला की! गोण्या काढून आईंना पुन्हा आत नेलं. अडला.

तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला. त्या कुणाशी तरी वाद घालत होत्या. "झिला, हट्ट करू नको. माका जावचा आसा." झिल म्हणजे मुलगा, आणि भाऊजी तर बाहेर होते. मग मला हाक. "वर्षा, माका खाली उतरय गो. तो आयकाचो नाय."

भाऊजी तिथेच फाटकाच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. सख्ख्या भावाला स्मशानात पोचवतानाही त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

त्या दिवशीचं निघणं रद्द झालं. सलीमभाई जीप आणि रिकामा ट्रेलर बॅटरी बसवायला गॅरेजवर घेऊन गेले. दुपारी त्यांचा फोन. जीपच्या मागच्या हुकाचं वेल्डिंग तडकलं होतं, वरून रंग असल्यामुळे दिसलं नव्हतं. "घाट में छूट जाता, भाभी. और बॅटरी भी नहीं थी..."

हुक नवीन बसवला. पुढच्या रविवारी जीपच्या मागच्या सीटवर गाद्या रचून आईंना आडवं केलं. वाटेत सारखं थांबायचं, ट्रेलरमध्ये पाठ टेकू द्यायची, मग पुढे जायचं. दोन दिवस लागले तरी चालतील. चाकांपुढे नवी लिंबं ठेवली. पिन काढली, ट्रेलर अडला. या वेळी आत बॅटरी होती. पिन बसवली. भाऊजी गिअर टाकणार तोच आई म्हणाल्या, "थांब जरा." काच खाली करायला लावली आणि मागे ट्रेलरकडे बघत म्हणाल्या, "मी पुढे बसलंय रे. चल आता."

लिंबं फुटली. ट्रेलर मागे आला.

गावी पोचल्यावर खळ्यात खुर्ची मांडली. आई बराच वेळ माडांकडे बघत बसल्या. मी पदराने त्यांचे डोळे पुसले तर म्हणाल्या, "पोचवल्यान गो माका. सांगलेल्यान तसा."

आता तुम्ही विचाराल, हे काय होतं? माझ्या इंजिनियर पुतण्याने बरीच कारणं सांगितली. त्यातलं एकही पुरं पडत नाही. ब्रेक गंजला असता तर आई उतरल्यावर सुटला कसा? बॅटरी नसताना लागला कसा? ग्रुपवर कुणी ब्रेकमधलं जाणकार असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. मला आजतागायत उत्तर मिळालेलं नाही.

हल्ली घरातून निघताना चपला घातल्या की मी दारात जरा उभी राहते. गॅस, नळ, गिझर सगळं बघून झालेलं असतं. तरी थांबते. कुणी अडवत नाही. मग थोडं वाईट वाटतं, आणि मी निघते.