रिकामा हात

बनशंकरीच्या फिजिओथेरपी केंद्रात आम्हा दोघांची वेळ एकच होती, सकाळी साडेसातची. दोघांच्याही गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालेलं. मी बॅडमिंटन खेळताना पडलो होतो. ती सिटी बसची कंडक्टर, बसच्या पायरीवरून घसरली होती. नाव मी कधी विचारलं नाही. मूळची निपाणीकडची, म्हणून या कन्नड शहरात माझ्याशी मराठीत बोलायची आणि मला अण्णा म्हणायची.

टॉवेलवरून टाच ओढत गुडघा वाकवताना मी चक्क कण्हायचो. ती ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघायची, पण सांगितल्यापेक्षा एकदाही कमी करायची नाही.

मग ऑपरेशनच्या पायावर एकट्यानं तोल सांभाळायची पाळी आली. मी भिंतीची दांडी सोडेना. ती मात्र एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात फाइल घेऊन उभी होती. थरथरत, पण ताठ.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतीय की. पण बसमध्ये एका हातात तिकिटं, दुसऱ्यात चिल्लर. धरायला तिसरा हात कुठनं आणू? तोल गेला तर डेपोत बसवतील मला. तुम्ही पण हात रिकामा ठेवू नका, अण्णा. रिकामा हात दांडीच शोधतोय."

तिनं बाटली आणि फाइल माझ्या हातांत दिली. फिजिओथेरपिस्ट शेजारी येऊन उभी राहिली. मी चांगला पाय उचलला. गुडघा लटपटला, हात दांडीकडे निघाले, पण ते भरलेले होते.

बस सोडताना ओरडत असेल, तशी ती मागून ओरडली, "रैट, रैट!"