अन्साक्का आणि सुरतेचा डाव

अन्साक्का रोज दुपारी जेवणं आटोपली की आमच्या दाजींना मारायची. म्हणजे पटावर. समोर कोणी बसलेलं नसे. पांढरे मोहरे तिचे, आणि काळा राजा म्हणजे दाजी. ती दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे खेळे, काळ्याला मुद्दाम वाईट चाल कधी देत नसे. शेवटी त्या राजाला कोपऱ्यात कोंडून म्हणे, "मर आते." मग पट गुंडाळून भांडी घासायला उठे.

अन्साक्का, म्हणजे अनसूया, माझी थोरली बहीण. मी नंदुरबार स्टेशनात तारबाबू होतो आणि ती माझ्याजवळ रेल्वेच्या क्वार्टरात राही. आमचे वडील म्हसावदला शाळामास्तर. त्यांनी आम्हा दोघांना बुद्धिबळ शिकवलं. मला नुसत्या चाली आल्या. तिला पुढचं दिसायचं.

तिला दिलं शहाद्याच्या बागायतदार घरात. दाजींना बुद्धिबळाचं वेड होतं. दार लावून ते तिच्याशी खेळत, तिच्याकडून शिकतही. एकदा धुळ्याचे पाहुणे आले. त्यातल्या एकाने थट्टेत म्हटलं, "वहिनींनाही बसवा की!" अक्काने त्याला हरवलं. घराची लाज राखायला म्हणून दाजी बसले, त्यांनाही हरवलं. पाहुणे पोट धरधरून हसले. दाजी हसले नाहीत.

त्याच आठवड्यात अक्काला बैलगाडीत घालून म्हसावदला पोचवलं. गाडीवानाबरोबर निरोप होता की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. दुसरं लग्न सोपं जावं म्हणून दाजींनी ही गोष्ट गावोगाव पसरवली. बाजारात अक्का दिसली की बायका आपली पोरं जवळ ओढून घेत. कोणी मागून म्हणे, "याडी चालनी." वडील त्या घोराने गेले. अक्का रडली नाही. "रडाले येळ नही माले," ती म्हणे. "माले त्याले हरावनं शे."

इकडे दाजी वर चढत गेले. एका संस्थानिकाने त्यांना पदरी ठेवलं. त्यांचे डाव वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. मी ते आणून तिला वाचून दाखवी. मध्येच ती माझा हात धरून थांबवी. "हाई चाल मन्ही शे. चोर!"

मग एका हिवाळ्यात बातमी आली की विलायतेहून एक मोठा उस्ताद, ज्याला आज ग्रँडमास्टर म्हणतील असा, सुरतेत एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावर खेळणार आहे आणि त्याच्यासमोर आपले दाजी बसणार आहेत. सुरत स्टेशनच्या तारेवर पेस्तनजी नावाचा माझा मित्र होता. त्याचा भाऊ त्या बंगल्यात कारकून. भावाने चाली लिहून पाठवायच्या आणि लाइन मोकळी असली की पेस्तनजीने त्या मला कळवायच्या, असं ठरलं.

अक्का सकाळीच पट घेऊन तारघराबाहेरच्या बाकावर येऊन बसली. यंत्र कडकडलं की मी चाल ओरडून सांगे, ती मोहरा सरकवी. पांढरे गोऱ्याचे, काळे दाजींचे. सुरुवात दाजींनी अक्काच्याच पद्धतीने केली. तिने ओठ घट्ट मिटले. दुपारपर्यंत दाजींची बाजू इतकी भक्कम झाली की मलाच धाकधूक वाटू लागली. अक्का पटावर वाकून गोऱ्याला विनवत होती, "बाबा, तो उंट आठे आन. आठे!" पुढच्या चालीला गोऱ्याने खरंच उंट तिथे आणला. ती इतक्या जोराने हसली की पार्सलचे हमाल वळून पाहू लागले.

मग दाजींनी राजाजवळचा घोडा उचलला आणि पलीकडे जाऊन एक फुकटचं प्यादं खाल्लं. चाल ऐकून अक्का ताठ बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"हावरा शे तो. पहिल्यापासून हावरा शे. राजाजोडे आते कोन शे, सांग?"

संध्याकाळी डाव दुसऱ्या दिवसावर तहकूब झाला. चाल गोऱ्याची होती. अक्का पटावरून उठेना. दिवेलागणीला तिने मला बोलावलं आणि दाखवलं. गोऱ्याने हत्ती सरळ राजापुढच्या प्याद्यावर मारायचा. राजाने हत्ती घेतला तर वजिराचा शह, आणि परतीची वाट त्या उंटाने आधीच अडवलेली. हत्ती घेतला नाही तरी मरण तेच.

"आते तार लिख," ती म्हणाली. "त्याले."

"दाजींना? अक्का, त्यांना सांगितलंस तर ते वाचतील!"

"वाचाले वाटच नही शे. मी देखं ना. गोरा उद्या मारी, ते वायलं. पन आज रातभर त्याले मन्ह्या हातनं मराले पाहिजे."

मी इंग्रजीत तार उतरवली, 'हत्ती प्याद्यावर, मग मात', आणि खाली तिचं नाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र वाजलं. दाजी पटावर बसलेच नव्हते. डाव सोडल्याचा निरोप पाठवून ते खोलीत पडून राहिले होते. पण पेस्तनजीची खरी बातमी पुढेच होती. गोरा चकित झाला होता. त्याला हत्तीची चाल दिसलीच नव्हती. तो बरोबरीचं बोलायच्या बेतात होता. अक्काची तार पेस्तनजीनेच उतरवून घेतली होती, म्हणून त्याच्या भावाला ती माहीत होती. त्याने भर दिवाणखान्यात ती चाल पटावर लावून दाखवली आणि कोणाची ते सांगितलं. गोऱ्याने ती पुन्हा पुन्हा खेळून पाहिली. शहाद्याच्या उस्तादाला त्याच्याच टाकलेल्या बायकोने नंदुरबारात बसून हरवलं, हे सुरतभर झालं.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा अक्काने डोळे मिटले. "म्हंजे गोरानी नही. मीच मारं त्याले," ती म्हणाली आणि घरी जाऊन तिने पुरणाचे मांडे केले.

संस्थानिकाने दाजींना काढून टाकलं. पुढे एकदा ते पॅसेंजरने उतरून आमच्या दारात आले. अक्काने त्यांना बसा म्हटलं नाही, पाणी दिलं नाही.

"अनसूया, एक डाव खेळशी?" त्यांनी विचारलं.

"खेळसू," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांच्याशी तोंडावर एकेरीत बोलत होती. "पन आधी शहादाना बजारम्हा उभा ऱ्हा. लोकेसले सांग, मन्ही बाई याडी नव्हती."

दाजी उंबऱ्याकडे पाहत राहिले. "ते कसं सांगू मी?"

"मंग जाय."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, म्हातारा झाला ग माणूस."

"मंग मी काय पोरगी शे?" तिने विचारलं. त्या दिवशी ती एक भाकरी जास्त जेवली.

काही वर्षांनी हिवतापाने ती गेली. दाजींना मी कळवलं नाही. ते अजून कुठे कुठे खेळत, डाव छापून येत, आणि मागोमाग मला त्यांचं कार्ड येई: अनसूयेने पाहिला का? काय म्हणाली?

मी दर वेळी तत्परतेने उत्तर पाठवी: पाहिला. तुमची चूक तिने लगेच दाखवली. कोणती, ते तुम्हाला सांगू नको म्हणाली.