तेजलच्या पुढचा वारा

जिंतूरच्या स्टँडवर कंडक्टर सायकल गाडीत घेईना. अण्णांनी दोन्ही चाकं काढली, सगळं पोत्यात बांधलं आणि त्याला म्हणाले, "आता हे सामान झालं." आई खिडकीखाली उभी होती. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तिथं कुणाच्या मागं मागं राहू नको."

चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम लागलं. राहायला रहाटणीत खोली, जायला-यायला कंपनीची बस. गावी शाळेच्या शर्यतींत मी जिंकत असे, पण इथं पहिले काही महिने ती सायकल गॅलरीत नुसती धूळ खात होती. मग आकुर्डीतले रफिकभाई भेटले. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी स्वतः शर्यती खेळलेले, आता चार मुलींचा संघ चालवणारे. फर्स्ट शिफ्ट सुटली की मी तिथं जाऊ लागले.

फ्रान्समधली तीन आठवड्यांची शर्यत सुरू असली की ते दुकानातल्या टीव्हीवर लावत आणि म्हणत, "जिंकणाऱ्याकडे नका बघू. त्याच्या पुढं वारा कोण खातंय ते बघा." पुढचा वारा कापतो, मागच्याचा दम वाचतो. संघात ज्याचे पाय सगळ्यात चांगले, त्याला शेवटपर्यंत असं जपून न्यायचं. आमच्यात ती जपायची मुलगी म्हणजे तेजल, मोशीच्या जुन्या गावठाणातली. तिच्यापुढं वारा खायचं काम माझं. आईला फोनवर हे कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.

पहिली मोठी शर्यत तीन दिवसांची होती. रोजच्या वेळांची बेरीज करून निकाल लागायचा. दोन दिवसांनंतर तेजल थोड्या फरकानं पहिली होती. तिसऱ्या दिवशी घाट होता आणि त्यापुढं सपाट रस्ता. त्या सकाळी माझे पाय इतके हलके होते की चढ जाणवतच नव्हता. दुसऱ्या क्रमांकाची मुलगी घाटात निसटली आणि ठरल्याप्रमाणे मी तिच्या चाकाला चिकटले.

"पुढं ये की," ती वळून म्हणाली. "दोघी मिळून जाऊ."

मी मान हलवली. तिला एकटीलाच वारा खायला लावायचा, हाच डाव होता. घाटमाथ्यावर ती धापा टाकत होती. मला कळलं, आजचा दिवस मी जिंकू शकते. शेवटच्या रेषेवर अण्णा उभे होते. गावात सांगून आले होते, पोरगी जिंकणार म्हणून.

तेवढ्यात रफिकभाई मोटारसायकलवर शेजारी आले. "तेजल पंक्चर झाली. चाक बदललंय, पण एकटी पडलीय. समोरून वारा आहे."

थांब असं ते म्हणाले नाहीत. मीच ब्रेक दाबला.

एक पाय टेकून उभी राहिले आणि ती मुलगी वळणाआड जाताना पाहिली. तेजल आली तेव्हा मी म्हटलं, "मागं लाग. बोलू नको." मग सगळा राग मी पेडलवर काढला. पुढची दमलेलीच होती. तिला गाठता आलं नाही, पण अंतर तुटलं. रेषा दिसू लागली तेव्हा मी संपले होते. तेजल पुढं गेली आणि तीन दिवसांच्या बेरजेत काही सेकंदांच्या फरकानं शर्यत जिंकली. माझ्या पुढून आणखी कितीतरी जणी गेल्या.

"एवढ्या लांब येऊन दुसरीसाठीच पळायलीस का?" अण्णांनी विचारलं.

"मी आणली तिला, अण्णा."

ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि दुपारी पुन्हा रस्त्यावर उतरले. सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

पुढच्या वर्षी शर्यतीआधी तेजलला डेंग्यू झाला. ती बरी झाली, पण पायात जोर येईना. दुकानात बसलो असताना ती रफिकभाईंना म्हणाली, "औंदा माझ्यात दम न्हाई. हिला पुढं करा. वारा मी खाते."

"ती जागा तुझी आहे," मी म्हटलं.

"व्हय, माझीच हाय. म्हणून तर मीच देते."

तिन्ही दिवस ती माझ्यापुढं राहिली. शेवटच्या चढावर तिची सायकल डुलू लागली, तरी ती बाजूला होईना. मी दुसरी आले. जिंकायला थोडं कमी पडलं. अण्णा या खेपेलाही आले होते. मी त्यांना शोधलं, तर ते रस्त्याकडेला होते. तेजल बसून ओकत होती आणि ते तिची पाठ चोळत होते. बराच वेळ ते माझ्याकडे आलेच नाहीत. वारा कुणी खाल्ला ते त्यांनी पाहिलं होतं. मला त्या दिवशी सगळं मिळालं.

गावच्यांनो, तुमच्यातले जे जिंतूरला राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, ते सगळेच विचारतात, तिथं करमतं का? गाव विचारलं तर मी अजून जिंतूरच सांगते. पण शिफ्ट लांबली, बस ट्रकांच्या रांगेत अडकली, तरी मोशीच्या चौकात तेजल सायकलला टेकून उभी असते. मी पोचल्याशिवाय ती निघत नाही. शर्यत जवळ आलीय. पुढं कोण राहणार ते ज्याचे त्याचे पाय ठरवतील. निघणार मात्र दोघी.