मागून निघालेल्या

तलावाच्या काठावर पोहणाऱ्यांची रांग लागली होती आणि माझी ताई त्या रांगेत आपणहून मागे उभी होती. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, अशी तिहेरी शर्यत. सगळे एकदम पाण्यात उतरले की एकमेकांच्या लाथा खातात, म्हणून शिट्टी वाजवून थोड्याथोड्यांनाच सोडत होते.

“ताई, पुढे सरक ना! कितीतरी जणी केव्हाच गेल्या,” मी ओरडलो.

“जाऊ देत रे. पाण्याच्या तोंडाशी अंथरलेल्या त्या चटईवर माझा पाय पडेल तेव्हाच माझी वेळ सुरू होणार,” म्हणत तिने घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा दाखवला.

ज्याची त्याची वेळ वेगळी! ऐकायला किती छान. पण माझा जन्म रांगेत पुढे घुसण्यात गेलेला, माझ्या जिवाला चैन कुठली? पाण्यावर रंगीत टोप्या हलत होत्या आणि त्यांत पुढे कोण, मागे कोण, काही केल्या कळत नव्हतं.

उन्हं चढल्यावर ताई धावत शेवटची रेघ ओलांडून आली. तिच्या वयोगटातलं तिच्याआधी कुणीच आलं नव्हतं.

“पहिली आलीस!” मी तिला मिठीच मारली.

“कुणास ठाऊक,” ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाली. “माझ्यामागून निघालेल्या अजून यायच्यात. त्यांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागला तर?”

ती निवांत पाणी प्यायला बसली. मी मात्र रस्त्याकडे बघत उभा राहिलो. वळणावर दिसणारी प्रत्येक दमलेली बाई आता मला ताईच्या पुढे गेलेली वाटत होती.