आतून कडी असलेली अडगळीची खोली

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ठाणे ते डोंबिवली या मुलखातल्या घरबांधणीच्या इतिहासात एक मोठी लबाडी होऊन गेलेली आहे आणि ती मी केलेली आहे. लबाडीची लांबी आठ फूट, रुंदी सहा फूट.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी ठाण्यात एका साहेबांकडे नकाशे काढायला होतो. साहेबांनी पहिल्यांदाच एक अख्खं घर माझ्यावर सोपवलं. नौपाड्यात भाड्याने राहणारं अकरा माणसांचं कुटुंब. डोंबिवलीला प्लॉट घेतलेला. कपाटं, पलंग, माणसं सगळ्यांची मापं घ्यायला मी टेप घेऊन त्यांच्या बिऱ्हाडी गेलो.

परसाकडे एक चिंचोळी खोली होती. घरची सून नेमकी त्या दिवशी बाजूला बसलेली. पोरांच्या भाषेत, कावळा शिवलेला. आत जाण्याची सोय नाही! मग मी परसातल्या खिडकीतून टेपचं टोक आत फेकलं, तिने भिंतीला धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून खोली मोजली. मापं ती माझ्यापेक्षा भराभर वाचत होती. तिच्या चटईखालून पुस्तकाचा कोपरा डोकावत होता.

"मॅट्रिकचं आहे," ती हळूच म्हणाली. "बाहेरून बसणार आहे. घरात माहीत नाही. महिन्यातले हे तीन दिवस मला कोणी हाक मारत नाही, तेवढंच वाचून होतं. नव्या घरात ही रूढी बंद, असं ह्यांनी ठरवलंय. चांगलंच आहे हो. पण मग मी वाचू कधी?"

मी काही बोलणार, तेवढ्यात माझ्या मागे भाजीची टोपली आदळली. कळव्याची भाजीवाली.

"वयनी, आज बरी घावलीस! बाकीचं दिवस तुला बोलायलाच टाइम नसतो," असं म्हणत ती खिडकीखाली ऐसपैस बसली आणि लेकीच्या सासरचं गाऱ्हाणं सांगू लागली. तिच्यामागून शेजारची काकू आली, माहेरचं पत्र वाचून घ्यायला. मी टेप गुंडाळत बघत राहिलो. त्या खोलीत आत कोणी येऊ शकत नव्हतं आणि जवळ मात्र कोणीही येऊ शकत होतं. असली युक्ती साहेबांच्या एकाही जाड पुस्तकात नव्हती.

मी निघताना सून म्हणाली, "बोलू नका कुणाला. नुसती ही खोली नव्या नकाशात काढा."

मी शब्द दिला आणि काढली. परसाकडे दार, रुंद खिडकी, खिडकीला लागून बसायला कट्टा, आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं : अडगळीची खोली.

रविवारी सकाळी त्यांच्या बिऱ्हाडी नकाशा सतरंजीवर पसरला. एका कोपऱ्यावर अडकित्ता, एकावर पानाचा डबा, उरलेल्या दोनांवर फुलपात्रं. सासरे खुर्चीवर, हातात काठी. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, शाळामास्तर. तो नकाशावर ओणवा. काठीचं टोक ओटीवरून निघालं, माजघरात आलं, देवघरापाशी क्षणभर थांबून समाधानाने हललं. मग मागे मागे सरकत नको तिथे पोचलं.

"हे काय?"

"अडगळ."

"अडगळीला एवढी खिडकी?"

"वारा लागतो. डबे गंजत नाहीत."

"आणि हा कट्टा?"

"गाद्यांना," मी म्हणालो.

काठी पुढे सरकणार, तोच मास्तरांनी समासातल्या दारांच्या यादीवर बोट ठेवलं. वह्या तपासून तपासून चूक हुडकण्याची सवय! "अहो, इथे तुम्ही 'कडी आतून' लिहिलंय. अडगळ आतून कडी लावून बसते का हो?"

ती यादी मीच केली होती. नवशिक्याला कोण हौस! एकेका दाराची कडी, बिजागरी, सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं.

मास्तर हसले. सासरे हसले नाहीत. "म्हणजे बाजूची खोली घातलीत होय? शहाणे आहात."

मास्तरांचं हसू मावळलं. "बाबा, माझ्या घरात हा प्रकार चालणार नाही. खोडा ती खोली."

"खोली राहील," सासऱ्यांनी काठी आपटली. "खिडकी तेवढी बुजवा. बाजूला बसलेल्या बाईला गप्पा कसल्या मारायच्यात? आणि कडी बाहेरून."

"खोडा म्हणतो ना!"

"बुजवा!"

दोघेही माझ्याकडे बघत होते आणि पेन्सिल माझ्या हातात होती. खोडावं तर खोली गेली, बुजवावी तर कोठडी झाली. खरं सांगावं तर तिला दिलेला शब्द मोडला आणि परीक्षाही बुडाली. मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. होतं ते टोक मोडलं. दारात कपबशा किणकिणल्या. चहाचा ट्रे घेऊन ती कधीची उभी होती, कोण जाणे. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ट्रे थेट नकाशावर, त्या आठ बाय सहावरच ठेवला, पदर सावरला, आणि आयुष्यात सासऱ्यांसमोर जे कोणी उच्चारलं नसेल ते तिच्या तोंडून निघून गेलं :

"मामंजी, ती खोली मला हवी आहे, खिडकीसकट! बाजूला नसले तरी बसायला हवी आहे!"